बाबांना माझं नाव आठवत नाही, तरी आमच्या गप्पा होतात. तुमच्या घरी कसं चालतं?

रानजाई

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोला. आता त्यांना अल्झायमर आहे. निदान होऊन काही वर्षं झाली. ते साताऱ्याला दादा-वहिनीकडे असतात, मी पुण्यात. जमेल तशी जाते. परवा एका लग्नात आत्याने चारचौघांत विचारलं, "तुला ओळखतो का गं अजून?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग कशाला एवढी ओढाताण करतेस? त्याला काय कळतंय आता?"

मांडवात मी गप्प बसले. उत्तर इथे देते. त्यांना कळतं. माझं नाव कळत नाही, मी मुलगी की बहीण तेही कळत नाही, पण समोरचं माणूस मायेचं आहे की नाही हे त्यांना नेमकं कळतं. मी शेजारी जाऊन बसले की त्यांचे खांदे सैल पडतात. कुणी घाईत दंड धरून उठवलं की दिवसभर बिनसलेले असतात, आणि का ते त्यांना सांगता येत नाही.

आमच्या घरात एक गोष्ट ठरवून बंद केली आहे, ती म्हणजे परीक्षा घेणं. "मी कोण, सांगा बघू?" येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमापोटीच हे विचारतो. बाबा हसतात, इकडेतिकडे बघतात, मग मान खाली घालतात. ज्या माणसाने आयुष्यभर भरगच्च गाडीत कोण कुठे चढलं आणि कुणाचे किती सुट्टे राहिले हे डोक्यात ठेवलं, त्याला रोज असं नापास का करायचं? आता वहिनी पाहुण्याला दारातच सांगते की आत गेल्यावर आपली ओळख आपणच द्यायची. "काका, मी कोरेगावचा, तुमच्या मावसभावाचा मुलगा." एवढं झालं की बाबा लगेच "या, बसा" म्हणतात आणि पुढचं सगळं सोपं होतं.

दिवेलागणीची वेळ अवघड असते. बाबा उठतात, खिसे चाचपतात, मुक्कामी गाडी न्यायची आहे म्हणतात. "तुम्ही रिटायर झालात" हे ऐकलं की चिडतात, कारण त्या क्षणी खरंच ड्यूटी असते आणि घरचे लोक वाट अडवत असतात. दादा विचारतो, "आज कुठली मुक्कामी?" मग बामणोली निघते, घाट निघतो, पावसात बंद पडलेली गाडी निघते. "चहा घेऊन निघा" म्हटलं की बसतात. तोवर ती वेळ सरते.

सगळ्यात जास्त उपयोग हातांचा झाला. दादाने त्यांना कागदाला भोक पाडायचा एक चिमटा आणून दिला आणि आम्ही जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या. बाबा एकेक पट्टी पंच करून मला देतात, मी पैसे देते. खेळण्यातल्या नोटा ते उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरतात, अगदी कंडक्टर धरायचे तशा. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पट्टी देताना नजरेला नजर मिळते, तेव्हा आमचं बोलणं झालेलं असतं.

तुमच्याकडे कोण आहे, तुम्ही काय करता, ते लिहा. उपाय हवेत असं नाही, नुसतं लिहिलंत तरी चालेल.

स्टेथो

रानजाई, तुमच्या आत्यांना जे समजलं नाही, ते मलाही रोज दवाखान्यात नातेवाइकांना समजवावं लागतं. मी फॅमिली डॉक्टर आहे. अल्झायमरमध्ये मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर खराब व्हायला लागतो. नवी आठवण साठवायचं काम त्याचं. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीचा घाट आठवतो. हाताच्या सवयी, चाल, ताल यांचं काम मेंदूत दुसरीकडे चालतं, ते बरंच उशिरापर्यंत टिकतं. तुमच्या बाबांची नोटेची घडी ही त्यातलीच.

भावनेबद्दल तर अभ्यासच झालेला आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना चित्रफितीतलं फारसं काही आठवेना, पण ते दुःख किंवा तो आनंद मात्र मनात राहिलेला होता. तेव्हा "तू आलीस हे तो विसरणारच आहे" असं कुणी म्हटलं, तर विसरू दे. भेटीने आलेला निवांतपणा मागे राहतो.

दोन गोष्टी सगळ्यांसाठी. विसरणं सुरू झालं की "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांनीही असंच होतं आणि त्यावर उपचार आहेत. दुसरं, बरा असलेला माणूस दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळला तर आजार वाढला असं धरून चालू नका. बऱ्याचदा लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा पाणी कमी पडणं निघतं.

आणि कान तपासा, मोतीबिंदू बघा. ऐकूच येत नसेल तर नातं जोडणार कुठून? श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असते आणि घरचे म्हणतात, आता बोलणंच बंद केलंय.

निंबोणी

माझ्या सासूबाई. त्यांच्या पाटल्या मी चोरल्या, असं त्या सोसायटीत सगळ्यांना सांगायच्या. पाटल्या त्यांनीच तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या असायच्या. हे ज्या सुनेने ऐकलंय तिलाच त्याची धग ठाऊक. दिवसभर त्यांचं सगळं करायचं आणि संध्याकाळी शेजारीण विचारते, "काय गं, काय झालं दागिन्यांचं?"

मला न्यूरोलॉजिस्ट बाईंच्या एका वाक्याने सावरलं. त्या म्हणाल्या, वस्तू कुठे ठेवली ते त्यांना आठवत नाही आणि आपण विसरलो हेही आठवत नाही. मग वस्तू गेली कुठे, याचं त्यांना सुचणारं उत्तर एकच, कुणीतरी नेली. आणि नाव येतं ते जे माणूस सतत जवळ असतं त्याचं. तेव्हापासून मी "मी नाही घेतल्या" म्हणत नाही. "अगंबाई, पाटल्या नाहीत? चला, दोघी मिळून शोधू" म्हणते. आम्ही डबे उघडतो, कपाट उघडतो, मध्येच एखादी जुनी पैठणी हाती लागते आणि त्या माझा हात धरून ती कुठे घेतली ते सांगत बसतात. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये आहेत, डब्यात ठेवायला बेन्टेक्सच्या दिल्या आहेत.

आता त्या मला आई म्हणतात. सून म्हणून वीस वर्षांत जे कधी जमलं नव्हतं ते आता आहे.

घाटमाथा

निंबोणी, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती माझ्या आईचं करते. काही बोलली नाही, पण परत वाचायला घेतला.

खारेवारे

आमची आई मूळची मालवणकडची, लग्नानंतर सगळा जन्म डोंबिवलीत गेला. शाळेत शिक्षिका, त्यामुळे बोलणं एकदम शुद्ध. आम्हा भावंडांना घरात मालवणी बोलायला बंदी होती. आजार वाढला तशी तिची पुस्तकी मराठी गळून गेली आणि मालवणी वर आली. सुरुवातीला आम्हाला वाटलं की ती असंबद्ध बडबडते. एक दिवस गावाहून मामा आला आणि सरळ म्हणाला, "काय गो, जेवलंस?" आई इतकी बोलली! अर्धा तास दोघं माड, व्हाळ, कुणाच्या तरी म्हशी यांवर बोलत होते.

मग आम्ही सगळे मालवणी शिकलो. माझी मुलगी मामाला रोज फोन करून दोन वाक्यं विचारून घेते आणि आजीवर लगेच वापरून बघते. आजी तिचे उच्चार सुधारते! शिक्षिका अजून आत आहेच.

ज्यांचे आईवडील कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी, कानडी असं काही बोलत लहानाचे मोठे झाले, त्यांनी हे करून बघाच. बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, पाळण्यातली जास्त टिकते.

दुर्वांकुर

सगळं पटतंय, पण एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. आजी रोज दुपारी आजोबांची वाट बघते. "आले का हे?" आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. काकांचं म्हणणं, खोटं बोलायचं नाही, तिला सत्य कळलंच पाहिजे. ते सांगतात आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. हे बघवत नाही. पण "बाहेर गेलेत, येतीलच" असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. जिने मला खरं बोलायला शिकवलं, तिच्याशीच रोज खोटं बोलू?

निंबोणी

दुर्वांकुर, दोन्हींच्या मध्ये एक वाट आहे. आले की नाही याचं उत्तरच देऊ नका. "आठवण येतेय का त्यांची? काय आवडायचं हो आजोबांना जेवायला?" असं विचारून बघा. तिला उत्तरापेक्षा त्यांच्याबद्दल बोलणारं कुणीतरी हवं असतं. मग आजोबा गप्पांमध्ये येतात, आणि कुणी खोटंही बोललेलं नसतं.

घाटमाथा

मी मात्र सरळ "येतीलच" म्हणतो आणि मला त्यात पाप वाटत नाही. आई वडिलांसाठी ताट वाढायला सांगते, तर आम्ही वाढतो. रोज नव्याने विधवा करायचं का तिला?

स्टेथो

इथे एक फरक लक्षात ठेवा. आजार नवा असताना माणूस स्वतः गंभीरपणे विचारतो, "मला काय झालंय?" तेव्हा त्याला खरंच सांगायचं. घरचे लोक माझ्याकडे डोळ्यांनी खुणा करतात, सांगू नका म्हणून. पण आपलं काहीतरी बिघडलंय हे त्याला आधीच कळलेलं असतं, आणि सगळे लपवताहेत म्हटल्यावर तो एकटा पडतो. पुढच्या टप्प्यावर जिथे सत्य टिकतच नाही, नुसतं दुखावतं, तिथे दुर्वांकुरच्या काकांसारखा आग्रह धरू नये. निंबोणी यांची वाट मला सर्वांत चांगली वाटते.

गारवेल

माझ्या वडिलांना लेवी बॉडी डिमेन्शिया आहे, अल्झायमरसारखाच स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार, त्यात भास होतात. त्यांना खोलीच्या कोपऱ्यात लहान मुलं दिसतात. "कुणी नाहीये तिथे" म्हटलं की घाबरतात, कारण मग आपण वेडे झालो असा अर्थ होतो. "हो, मलाही दिसतात" असं मी म्हणत नाही. "मला नाही दिसत हो बाबा, पण तुम्हाला दिसताहेत ना? त्रास देताहेत का?" बहुतेक वेळा म्हणतात, नाही, खेळताहेत. मग दोघं बसतो. भीती वाटत असेल तर दिवा लावतो, कोपऱ्यातली खुर्ची हलवतो. सावल्यांनी आणि गडद रंगाच्या पायपुसण्यांनीही गोंधळ होतो. काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटायचं, ते बदललं.

स्टेथो

गारवेल, महत्त्वाचं लिहिलंत. जोडीला एक सूचना. लेवी बॉडीच्या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी भास थांबवणारी औषधं फार बाधू शकतात, अंग ताठ होतं, शुद्ध हरपते. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर निदान आधी सांगा. कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

सातासमुद्र

मी न्यू जर्सीत, आई नाशिकला. माझं दुःख जरा वेगळं आहे. व्हिडिओ कॉल लावला की आई फोनच्या मागे बघते, मी कुठे आहे ते शोधायला. एकदा घाबरून बाजूला सरकली. मी लांबून कशी जोडलेली राहू? दर रविवारी फोन ठेवल्यावर मी किती वेळ नुसती बसून राहते.

खारेवारे

सातासमुद्र, चित्र बंद करून नुसता आवाज ठेवून बघा. छोट्या पडद्यावर हलणारा चेहरा त्यांना जड जातो, ओळखीचा आवाज तेवढा जात नाही. आणि वेळ सकाळची ठेवा, संध्याकाळी बऱ्याच जणांचा गोंधळ वाढतो. प्रश्न विचारू नका. तुम्ही स्वतः बोला, एका वेळी एकच गोष्ट, आणि थांबा. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. आपण त्या शांततेला घाबरून दुसरं वाक्य टाकतो आणि त्यांचं अर्धं जुळलेलं मोडून जातं.

रानजाई

सातासमुद्र, आमची एक मावशी बहरीनला असते. तिने हरिपाठ तिच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलाय. बाबा तो ऐकताना स्वतः म्हणतात, एकेक ओळ पुरी करतात. ज्यांना साधं वाक्य पुरं करता येत नाही ते अख्खा अभंग म्हणतात. पाठांतराचं असंच आहे. पाढे विचारून बघा कुणीतरी! बाबांना पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे येतातच, औटकीसुद्धा येते. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, आम्हाला येत नाही, ते आम्हाला शिकवतात. त्या वेळी घरात सगळ्यात हुशार तेच असतात.

तुमच्या आईला काय पाठ आहे ते आठवा आणि तुमच्या आवाजात पाठवा. सांभाळणाऱ्या मावशी रोज लावतील.

शेवंता_बाग

मी वाचत होते, लिहू की नको कळत नव्हतं. वरचं सगळं जिथे संपतं तिथे आम्ही आहोत. आई आता बोलत नाही. चालत नाही. हरिपाठ लावला तरी ओठ हलत नाहीत. डोळे बहुतेक मिटलेले. इथे काय जोडायचं?

मी रोज तिच्या पायांना खोबरेल तेल लावते. समोरून जाते, हात लावायच्या आधी "आई, मी आलेय" म्हणते, कारण अचानक स्पर्श झाला की ती दचकते. तिचा श्वास आधी वरवरचा असतो, तेल लावता लावता खोल होतो. बस, एवढंच. भरवताना घाई करत नाही, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, आधीचा गिळल्याशिवाय दुसरा नाही. ठसका लागून छातीत जाण्याचा धोका असतो म्हणून पाणीसुद्धा घट्ट करून देतो, ते आम्हाला थेरपिस्टने शिकवलं. तिला मोगरा आवडायचा. उशाशी ठेवते. एखाद्या दिवशी मान तिकडे वळते, एखाद्या दिवशी नाही.

मला कुणी म्हणू नये की ती आता तिथे नाही. तिला दुखतं ते माझ्या आधी कुणाला कळत नाही. भुवई जरा आक्रसली की मी कूस बदलते. हे बोलणंच आहे.

रानजाई

शेवंता_बाग, हो, हे बोलणंच आहे. बरं झालं लिहिलंत.

गारवेल

करणाऱ्यांबद्दलही लिहूया का? मी एकटा मुलगा. महिन्यातून काही दिवस असे येतात की मला बाबांजवळ बसवत नाही. चिडचिड होते, आणि ती त्यांना लगेच लागते, ते अस्वस्थ होतात. म्हणून मी दिवसाची अटेंडंट ठेवली तेव्हा नातेवाईक म्हणाले, "बापाला परक्यावर टाकलं." आता आंघोळ, डायपर त्या मावशी करतात आणि मी संध्याकाळी त्यांच्याबरोबर कॅरम मांडतो. नियम नाहीत, सोंगट्या नुसत्या सारायच्या. अटेंडंट ठेवल्यापासून मी परत मुलगा झालोय.

स्टेथो

पूर्ण अनुमोदन. हे एकट्याने पेलायचं काम नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या भारतातल्या ज्येष्ठांच्या स्मृतिभ्रंशावरच्या अभ्यासाचा अंदाज असा की साठीपुढच्या भारतीयांमध्ये सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया आहे. एवढी घरं यातून जात आहेत आणि प्रत्येक घराला वाटतं आपणच एकटे. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे आर्डसी, १९९२ साली केरळात सुरू झाली, आता तिच्या अनेक शहरांत शाखा आहेत. ज्येष्ठांसाठी सरकारी एल्डरलाइन १४५६७ आहे. आणि सांभाळणाऱ्याचंच मन खचलं तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

नवीन_वाट

नमस्कार. गेल्या आठवड्यात वडिलांचं निदान झालं. अगदी सुरुवात आहे, अजून ते स्वतः बँकेत जातात, पेपर वाचतात. हा सगळा धागा एका बैठकीत वाचला आणि आता काय करू सुचत नाहीये. कुठून सुरुवात करू?

निंबोणी

त्यांच्यापासूनच करा. त्यांना विचारा. पुढे काय हवं, कुणाकडे राहायला आवडेल, काय अजिबात नको. आम्ही सासूबाईंना हे कधी विचारू शकलो नाही, आमच्याकडे निदानच उशिरा झालं.

घाटमाथा

मृत्युपत्र, नामनिर्देशन, खात्यावर दुसरं नाव, हे लगेच. आम्ही वकिलांकडून कळून घेतलं की कुलमुखत्यारपत्र दिलं तरी देणाऱ्याची समज गेल्यावर ते कायद्याने चालत नाही. म्हणजे त्यांची सही आणि त्यांचं मत दोन्ही चालू आहेत तोवरच कामं करायची. त्यांना सोबत घेऊन करा, पाठीमागे नको.

खारेवारे

जुने फोटो काढा आणि त्यांच्याकडूनच मागे नावं लिहून घ्या. त्यांच्याच अक्षरात. आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. मोठी मुलाखत नको, चहा पिताना फोन टेबलावर ठेवायचा. लहानपणीचं घर, पहिली नोकरी, आईच्या हातचं काय आवडायचं. पुढे हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला सांगता येतं, की हा माणूस कोण होता, कशाने हसतो.

रानजाई

नवीन_वाट, तुमचे वडील आज पेपर वाचतात ना, तर शेजारी बसून तुम्हीही वाचा. बँकेत जातात तर सोबत जा, पण पासबुक त्यांच्याच हातात राहू द्या. त्यांना जे जमतंय ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका, उशीर लागला तरी. गंमत वाटेल, पण आमच्याकडे बाबा अजून शेंगा सोलतात, वाटाणे सोलतात, आणि वहिनी मुद्दाम सोललेला वाटाणा आणत नाही.

आणि गौरी-गणपतीत तुमच्याकडे पाहुणे येतील. आधीच सांगून ठेवा, एका वेळी दोघं-तिघं, टीव्ही बंद, आणि "ओळखलंत का" विचारायचं नाही. आमच्याकडे बाबांसाठी आरती सकाळी घरच्याघरी करतो, गर्दी यायच्या आत. झांज त्यांच्या हातात असते.

साताऱ्यात, कराडला, कोरेगावला कुणी असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दादा-वहिनी म्हणताहेत की महिन्यातून एक दुपार सगळ्यांनी आमच्याकडे जमू, आपापल्या माणसाला घेऊन. जागा आहे, जिना चढावा लागत नाही.